रेफर करण्याआधी

भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणारा महामार्ग मिसरोदला मधोमध छेदून जातो. बाजूने इटारसीची रेल्वेलाइन, पुढे ग्यारह मीलचा चौक, त्यापलीकडे रायसेन जिल्ह्यातले मंडीदीप आणि तिथले कारखाने. पाळी सुटली की याच रस्त्यावर मोटारसायकली, डंपर, लोडिंग रिक्षा आणि शाळेच्या बसेस एकमेकींना घासून धावतात. २०१३ मध्ये मिसरोद ते बैरागढ अशी बसगाड्यांसाठी बीआरटीएसची स्वतंत्र मार्गिका झाली, २०२४ मध्ये ती उखडायला सुरुवात झाली. रस्त्याचे रूप बदलत राहिले, अपघात मात्र होतच राहिले.

रुग्णालये दूर आहेत अशी तक्रार इथल्या माणसाला करता येणार नाही. महामार्गाच्या दोन्ही अंगांना खासगी रुग्णालयांच्या पाट्या दिसतात. एम्स दहा किलोमीटरच्या आत आहे. जुने भोपाळकर ज्याला अजून ‘बारा सौ पचास’ म्हणतात ते जेपी जिल्हा रुग्णालय आहे, आणि जुन्या शहरात हमिदिया आहे. अडचण अंतराची नाही. रक्तबंबाळ झालेला किंवा छातीत कळ आलेला माणूस घेऊन आपण पहिल्या दारात पोचतो आणि तिथे ऐकू येते, ‘आगे ले जाइए.’ कधी बेड नसतो, कधी डॉक्टर नसतो, कधी ‘पुलिस केस है’, आणि कधी आधी पैसे भरायचे असतात. त्या दारात कायद्याने काय व्हायला हवे, हे या पुस्तिकेत मराठीत सांगितले आहे. मिसरोद, बाग सेवनिया, अरेरा कॉलनी या भागांतल्या मराठी घरांसाठी ती लिहिली असली, तरी तिच्यातला बहुतेक मजकूर पुण्या-नागपुरातल्या वाचकालाही तितकाच लागू आहे.

भोपाळच्या न्यायालयांत वकिली करताना एक समज मी फार ठिकाणी पाहिला. लोकांना वाटते, रुग्णालयाने दाखल करून घेतले की त्याचे कर्तव्य झाले आणि नाही घेतले तर ते चुकले. कायदा याहून अधिक मागतो आणि अधिक नेमके मागतो. दाखल करणे न करणे ही पुढची गोष्ट. दारात आलेल्या जिवाला हात लावणे, हाताशी असलेल्या साधनांनी त्याला सावरणे आणि पुढे पाठवायचेच असेल तर नीट पाठवणे, एवढे त्या पहिल्या दाराला टाळता येत नाही. रेफर करणे हादेखील उपचारच आहे. ही पुस्तिका वाचून वाचकाच्या मनात एकच गोष्ट राहणार असेल, तर ती ही राहावी.

यासाठी मला सर्वांत जवळचा वाटणारा दाखला कोकणातला आहे आणि सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. ६ मे १९५३ रोजी मावळतीच्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. किनाऱ्यापासून घर दीड मैल. खाट आणून त्याला घरी नेईपर्यंत रात्र झाली. गावात आलेल्या डॉक्टरकडे ना क्ष-किरण यंत्र होते ना शस्त्रक्रियेची सोय. त्याने लाकडी फळ्या घेतल्या आणि पाय हलू नये म्हणून बांधला. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन मुलाला पाहिले आणि पुण्याला न्यायला सांगितले. त्याच्या पुढच्या दिवशी कुठून तरी खरे स्प्लिंट मिळवले आणि फळ्यांच्या जागी ते लावले. मध्यरात्र उलटल्यावर एकच्या सुमाराला टॅक्सी निघाली, तेव्हा मुलाच्या आईबरोबर तो डॉक्टरही टॅक्सीत होता. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ते सकाळी साडेअकराला पुण्यात पोचले. वडील स्वतः डॉक्टर, दौंडला दवाखाना चालवणारे. तेही पुण्यात येऊन थांबले होते. ताराचंद रुग्णालयात पाय तपासला आणि मग एका नामांकित शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात मुलाला दाखल केले. त्याच रात्री नऊ वाजता तो गेला. न्यायालयाच्या निष्कर्षानुसार, योग्य भूल न देता हाताने जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला होता आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला होता.

वडिलांनी दावा लावला. तो पंधरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात संपला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले, निकाल २ मे १९६८. भरपाई तीन हजार रुपये. त्या रकमेने कोणाचे काही भरून निघाले नसेल, पण निकालात डॉक्टरांची तीन कर्तव्ये जी मांडली गेली, ती वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत आजही आधाराला घेतली जातात: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल पुण्यातल्या शस्त्रक्रियागृहासाठी वाचतात. मी तो पालशेतच्या डॉक्टरसाठी वाचते. त्याच्याजवळ काही नव्हते, तरीही त्याच्या हातून जे झाले ते तिन्ही कसोट्यांवर उतरते. आपल्याला काय जमणार नाही हे त्याने ओळखले, जे जमत होते ते केले, आणि रुग्ण दुसऱ्याच्या हाती पोचेपर्यंत तो बरोबर राहिला. आज महामार्गावरच्या वीस खाटांच्या रुग्णालयाकडून आपण याहून वेगळे काय मागतो?

पालशेतच्या खटल्यात प्रश्न हाती घेतलेल्या रुग्णाचा होता. हातच न लावलेल्या रुग्णाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निकाली काढला. एका स्कूटरस्वाराला भरधाव मोटारीने उडवले. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले, तर तिथे मेडिकोलीगल, म्हणजे पोलीस केसची, प्रकरणे घेत नाहीत, म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितले. माणूस वाटेतच गेला. ही बातमी वृत्तपत्रात वाचून परमानंद कटारा यांनी याचिका केली. न्या. रंगनाथ मिश्रा आणि न्या. जी. एल. ओझा यांनी २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल दिला. ओझा हे सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि या प्रकरणात त्यांनी सहमतीचे स्वतंत्र निकालपत्र लिहिले.

निकालाचा गाभा असा: राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने जीविताचे रक्षण राज्यावर सोपवले आहे. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी आपले पूर्ण कौशल्य लावणे त्याला बंधनकारक आहे आणि कोणताही कायदा किंवा पोलिसी कार्यपद्धती त्याच्या आड येऊ शकत नाही. आधी उपचार, मग पंचनामा. जखमी माणूस निर्दोष आहे की गुन्हेगार, हा प्रश्न नंतरचा. न्यायालय एवढ्यावर थांबले नाही. डॉक्टरांना विनाकारण पोलीस ठाण्यात तिष्ठत ठेवू नये, साक्षीसाठी गरज नसताना बोलावू नये, हेही त्याने बजावले, कारण दारातला डॉक्टर का कचरतो हे न्यायमूर्तींना ठाऊक होते. शिवाय निकालाला दूरदर्शन आणि आकाशवाणीवरून प्रसिद्धी द्यावी असा आदेश दिला. आपला निकाल सामान्य माणसाच्या कानी जावा, एवढी कळकळ न्यायालयाने दाखवली होती. ती प्रसिद्धी आजही अपुरी आहे, म्हणून हे पान लिहावे लागते.

त्या निकालाच्या पाच वर्षे आधी याच भोपाळने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची वायुगळतीची रात्र पाहिली होती. हमिदियाच्या आवारात हजारो माणसे डोळे चोळत, धापा टाकत येऊन पडली. डॉक्टरांना आणि गांधी मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हा वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे माहीत नव्हते, आणि ज्या कंपनीला माहीत असायला हवे होते तिच्याकडून नीट उत्तर मिळत नव्हते. तरी त्यांनी डोळे धुतले, प्राणवायू दिला, जे हाती होते ते वापरले. भोपाळकरांच्या घरोघरी त्या रात्रीच्या आठवणी आहेत. तातडीच्या रुग्णाला हात लावायला संपूर्ण निदान लागत नाही, खास विभाग लागत नाही, हे या शहराला कोणत्याही निकालपत्राआधी कळले होते.

सात-आठ वर्षांनंतरचा कोलकात्याचा दाखला मात्र नेमका उलटा आहे. जुलै १९९२ मध्ये मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला मार, आत रक्तस्राव. प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याला शहरात पाठवले आणि मग रात्रभर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात अशी त्याची फिरवाफिरव झाली. एके ठिकाणी मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाही, दुसरीकडे सोय आहे पण खाट नाही. सकाळी अखेर एका खासगी रुग्णालयात तो दाखल झाला आणि सुमारे सतरा हजार रुपये खर्चून वाचला. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या या प्रकरणात ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि सांगितले, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हाच जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही. कुठे खाट रिकामी आहे हे रुग्ण हलवण्याआधी कळावे, अशी मध्यवर्ती दळणवळणाची व्यवस्था करा, असेही सुचवले. हे लिहिले गेले तेव्हा खिशात मोबाइल नव्हते. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे, तरीही मिसरोदहून निघालेल्या रुग्णाचे नातेवाईक खाट आहे की नाही हे पुढच्या रुग्णालयाच्या दारातच जाऊन विचारतात.

मी स्वतः पाहिलेला एक कागद इथे सांगते. मंडीदीपच्या एका कारखान्यातून सायकलने परतणाऱ्या कामगाराला महामार्गावर वाहनाने ठोकरले. आमच्या गल्लीतल्या दोघा मुलांनी त्याला उचलून जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. मी पोचले तेव्हा तो बाकावर आडवा होता, मांडीखालची चादर भिजलेली, आणि खिडकीपाशी मुलांना आधी रक्कम जमा करायला सांगत होते. थोड्या वेळाने एक चिठ्ठी हातात ठेवली. तिच्यावर रुग्णाचे अर्धे नाव, ‘हायर सेंटर’ला पाठवत आहोत एवढे दोन शब्द आणि एक सही. नाडी नाही, रक्तदाब नाही, वेळ नाही, कोणते इंजेक्शन दिले की दिलेच नाही त्याची नोंद नाही. पुढच्या सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने ती चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि विचारले, ‘रक्त कितनी देर से बह रहा है?’ उत्तर कोणाकडेच नव्हते. मग त्याने शून्यापासून सुरुवात केली. तो कामगार वाचला, पण पहिल्या दाराने त्याच्यासाठी काहीही केले नव्हते. दाबून पट्टी बांधायला न्यूरोसर्जन लागत नाही.

सावरणे म्हणजे काय, याचे प्रकरण पुस्तिकेत एका अनुभवी डॉक्टरांकडून तपासून घेतले आहे आणि ते सावकाश वाचावे. श्वासाची वाट मोकळी आहे का हे पाहणे, प्राणवायू लावणे, वाहते रक्त दाबून थांबवणे, मोडलेला अवयव हलणार नाही असा बांधणे, शिरेत सुई घालून सलाइन सुरू करणे, बेशुद्ध माणसाची रक्तातली साखर तपासणे, छातीत दुखत असेल तर ईसीजी काढणे, झटके थांबवणे, प्रसूतीच्या कळांतल्या बाईचा रक्तदाब आणि बाळाचे ठोके पाहणे. यातले बहुतेक लहान रुग्णालयातही होते. त्यानंतर पाठवायचे असेल तर आधी फोन करून तिथे जागा आहे का हे विचारणे, रुग्णाच्या अवस्थेला साजेशी अँब्युलन्स मिळवणे, आणि कागदावर वेळ, नाडी, रक्तदाब, शुद्धीची पातळी, दिलेली औषधे व पाठवण्याचे कारण लिहिणे.

आता कायद्याची कलमे. मध्य प्रदेशात ती एका जागी सापडत नाहीत. केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्यात, उपलब्ध कर्मचारी आणि सोयींच्या मर्यादेत तातडीच्या रुग्णाला सावरले पाहिजे, असे स्वच्छ कलम आहे. पण मध्य प्रदेशाने तो कायदा स्वीकारलेला नाही, महाराष्ट्रानेही नाही. आपल्याकडे रुग्णालयांची नोंदणी १९७३ च्या राज्याच्या कायद्याखाली होते, महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याखाली. म्हणून मिसरोदच्या दारात उभे असताना २०१० च्या कायद्याचे कलम सांगू नका, ते इथे चालणार नाही. कटारा निकाल सांगा, तो देशभर लागू आहे. रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम सांगा. कामावरच्या डॉक्टरने कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता जखमीला ताबडतोब उपचार द्यावेत, हे त्यात लिहिले आहे. अॅसिडहल्ला किंवा बलात्कार झालेल्या व्यक्तीला सरकारी आणि खासगी अशा सर्वच रुग्णालयांनी लगेच व विनामूल्य उपचार द्यायचे आहेत, आणि नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या २०० व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जखमीला आणून सोडणाऱ्या वाटसरूला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याला थांबवून ठेवता येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. आमच्या गल्लीतल्या त्या दोन मुलांना हे माहीत नव्हते आणि ती घाबरली होती. तरी त्यांनी उचलले, याचे मला फार मोल वाटते.

पैशांचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे आणि त्यावर पुस्तिकेने सर्वाधिक पाने दिली आहेत, ते योग्यच झाले. जानेवारी २००१ मध्ये कोलकात्यात अपघात झालेल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यावर खासगी रुग्णालयाने उपचार सुरू केले आणि पंधरा हजार रुपये आधी भरा म्हणून मधेच थांबवले. मुलाकडे विम्याचा कागद होता. दुसरीकडे नेताना तो गेला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दहा लाखांची भरपाई दिली. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना आहे. तातडीच्या रुग्णाला ताबडतोब घ्यावे, सावरेपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेत आणि अनामत मागू नये, असे त्यात स्पष्ट आहे. तरीही मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात जुळ्या बाळांच्या गरोदर मातेच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. दुसऱ्या रुग्णालयात प्रसूती झाल्यावर ती बाई गेली. उपचारांत कोणाची किती चूक, यावर रुग्णालयाचे म्हणणे निराळे होते, चौकशी समित्या बसल्या, आणि त्यावर मी इथे निवाडा देणार नाही. पण तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही, हे त्या रुग्णालयाला एप्रिलमध्ये जाहीर करावे लागले. जो नियम एकोणीस वर्षे कागदावर होता, तो एका मृत्यूनंतर निर्णय म्हणून सांगितला गेला, याचे दुःख पुण्यापासून भोपाळपर्यंत प्रत्येक मराठी घराला झाले.

डॉक्टरांची बाजू या पुस्तिकेत आहे आणि ती असावी असा माझा आग्रह होता. लहान रुग्णालयाचा मालक विचारतो, उपचार करतो, पण खर्च कोण देणार? हा प्रश्न खोटा नाही. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा तिथले खासगी डॉक्टर याच प्रश्नावर रस्त्यावर उतरले होते. विधी आयोगाने २००६ च्या २०१ व्या अहवालात तातडीच्या उपचारांच्या कायद्याचा मसुदाच दिला होता, खर्चाच्या परतफेडीचा विचारही त्यात होता. तो मसुदा कायदा झाला नाही. रस्ते अपघातांपुरते तरी आता थोडे पाऊल पडले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुदत घालून दिल्यावर केंद्राने मे २०२५ मध्ये योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार. योजनेत नसलेल्या रुग्णालयानेही निदान सावरण्याइतके उपचार द्यायचे आहेत. हृदयविकार, पक्षाघात, सर्पदंश, अडलेली प्रसूती यांना असे छत्र अजून नाही. माझे मत असे, की पैसे मागण्याचा रुग्णालयाला हक्क आहे, पण तो बजावण्याची वेळ रुग्ण सावरल्यानंतरची आहे. आणि ज्याला ते देणे शक्य नाही त्याचे पैसे राज्याने द्यावेत, लहान रुग्णालयाने सोसू नयेत. दारात संतापून काच फोडणाऱ्या नातेवाइकांची बाजू मी घेणार नाही. त्या तोडफोडीने पुढच्या रुग्णासाठी ते दार आणखी घट्ट बंद होते.

पुस्तिकेचा शेवटचा भाग कामाच्या कागदांचा आहे आणि तो घरात हाताशी ठेवावा. दारात काय बोलायचे याची हिंदीतली चार वाक्ये तिथे आहेत, कारण भोपाळच्या खिडकीवर मराठी चालणार नाही. ‘पहले डॉक्टर को दिखाइए, पर्चा हम बनवा रहे हैं’ हे त्यातले पहिले. नकार मिळाला तर कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये नोंद करायला आणि नकाराचे कारण लिहून द्यायला सांगावे. लिहून देत नसतील तर वेळ आणि समोरच्याचे पद आपणच टिपून ठेवावे, आणि रुग्णाला घेऊन पुढे निघावे. वाद नंतर घालता येतो. अँब्युलन्ससाठी १०८ वर फोन लावताना ‘मिसरोद’ एवढेच न सांगता चौक किंवा ठळक खूण सांगावी. मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच घ्यावी. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे. घरात दुःख असताना ती कधी निघून जाते ते कळत नाही, म्हणून अर्जाचा नमुना तयार ठेवला आहे, त्यात फक्त तारखा आणि नावे भरायची आहेत.